बिनवायरचा पंखा

तो टक-टक आवाज सगळ्यांत आधी ठकीला आवडला. ठकी म्हणजे आमची नात, आठ महिन्यांची. तिला निजवायचं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांनी रडायचं तेवढं बाकी राहायचं. पण मधे काही दिवस पंखा फिरताना टक करायला लागला, आणि ही बया वर डोळे लावून ते ऐकता ऐकता गुडूप व्हायला लागली. "बघ, माझा पंखा अंगाई म्हणतो," आमचे हे येईल त्याला सांगायचे. मीही हसायचे. आता तो आवाज आठवायलाही नको वाटतो.

पंखा आणावा लागला तो आमच्या खोलीमुळे. चौथा मजला, वर थेट गच्ची, आणि छत इतकं बुटकं की माणूस पलंगावर उभा राहिला तर हात टेकतो. दिवसभर ऊन खाऊन ते छत संध्याकाळी आमच्यावर ओकायचं. घरमालकाचा एकच हेका. भिंतीला हात लावायचा नाही, नवी वायर ओढायची नाही. एक दिवा, एक प्लग, बास. ठकीच्या पाठीवर घामोळं इतकं उठलं की सूनबाई ओल्या फडक्याने तिला पुसत बसायची आणि पुसता पुसता स्वतःच रडायची. मुलगा जहाजावर कामाला, तो फोनवरून "आई, काहीतरी कर ना" एवढंच म्हणू शकत होता.

मग आमच्याच एका गिऱ्हाइकाने तोड काढली. त्याचं बाजारात पंख्यांचं दुकान. "काकू, वायर लागतच नाही याला. बॅटरी पंख्याच्या पोटात. छताला हुक आहे ना? झालं तर मग!" मोबाइलसारखा अधूनमधून चार्ज करायचा आणि रिमोटवर चालवायचा. भिंतीवर बटण नाही, लाइट गेली तरी पंखा थांबत नाही. आमच्या छताला कुणीतरी कधीकाळी ठोकलेला एक लोखंडी हुक होताच. पंखेवाल्याने स्वतः येऊन पंखा बसवला, तेव्हा सूनबाई आणि मी दुकानात होतो. घरी फक्त हे आणि ठकी. पंखेवाला यांना काय काय समजावून सांगत होता म्हणे, पण यांचं लक्ष सगळं रिमोटमध्ये. तो रिमोट भिंतीआडूनही चालतो हे कळल्यापासून तर विचारूच नका. भाजी घेऊन येताना जिन्यातूनच पंखा लावायचे आणि घरात शिरून म्हणायचे, "वा, काय गार वाटतंय!" एवढं वय झालं, पण खेळणं मिळालं की माणूस लहानच.

आमची लॉन्ड्री बाजाराच्या तोंडाशी. सकाळी मी आणि सूनबाई निघतो, ठकी आजोबांकडे. दुकानाचा माझा एक नियम आहे, लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. धुवायला आलेल्या कपड्यांतून जे निघेल ते डब्यात टाकायचं. बटण असो, किल्ली असो, कुणाची चिठ्ठी असो. बघायचं नाही, विचारायचं नाही, त्यावर बोलायचं नाही. ज्याचं त्याने येऊन मागायचं. या एका नियमावर आमच्या दुकानाचं नाव टिकून आहे. घरच्या चादरी, यांचे शर्ट, ठकीची दुपटी, सगळं तिथेच धुतलं जातं, कारण घरी वाळत घालायला जागा नाही. त्यामुळे घरचंही जे सापडेल ते त्याच डब्यात.

वाळत घालायची गोष्ट निघाली म्हणून सांगते. दुकानामागच्या चौकात आमची दोरी असते. ती ओल्या पलंगपोसांच्या वजनाने सारखी तुटायची. एकदा गिऱ्हाइकाचे पांढरेशुभ्र पलंगपोस चिखलात पडले आणि मी घरी येऊन यांना असं फैलावर घेतलं की शेजारीणही दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी हे पोलादी तारेचा एक दोर घेऊन दुकानात हजर. चकचकीत, दोन्ही टोकांना कडी, अजिबात ताणला न जाणारा. "घरात नुसता पडून होता," म्हणाले. मी तो मागे बांधून घेतला आणि वर सूनबाईला सांगितलं, "बघ, तुझ्या सासऱ्यांना कधी कधी डोकं चालवता येतं." हे कौतुक मी सहसा करत नाही. आणि केलं तेही बघा कशाचं केलं.

त्या दुपारी उन्हाने रस्ता रिकामा झाला होता. सूनबाई इस्त्री करत होती, मी पावत्या लावत होते. पंखेवाला आपले शर्ट न्यायला आला आणि म्हणाला, "काकू, माझ्या कपाटाची बारकी किल्ली सापडत नाहीये. खिशात तर नव्हती?"

"असेल तर डब्यात असेल," मी म्हटलं आणि डबा काउंटरवर उपडा केला. बटणं, पिना, एक कानातलं, दोन किल्ल्या. आणि यांचा रिमोट.

"हा बाबांच्या शर्टात होता, सकाळीच निघाला," सूनबाई हसत म्हणाली. "बिचारे घरभर शोधत असतील."

"शोधू देत. सकाळी लावलाय पंखा, तर बसतील दिवसभर गार हवा खात. बंद कुठे करता येतोय!"

आम्ही दोघी हसलो. पंखेवाला हसला नाही. तो त्या ढिगातून बोटाने एक नट बाजूला काढत होता. मग एक वाकडी पिन, दोन पायांची. दोन्ही तळहातावर घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाच्या कपड्यांतून आलं?"

"ते आम्ही विचारत नाही," मी ताठ्यात म्हटलं. "तुमचं असेल तर घेऊन जा."

"आई, ते आपल्याच चादरीत होतं," सूनबाई म्हणाली. "पिन आधी निघाली, नट परवा. मला वाटलं, ठकीच्या गाडीचं वगैरे असेल."

"काकू, हे पंख्याचं आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला होता. "पंखा हुकाला ज्या बोल्टवर लटकतो ना, त्याचा हा नट. नट फिरून निघू नये म्हणून ही पिन. पिनचे पाय मी स्वतः वाकवले होते. कुणी सरळ केल्याशिवाय ती निघणार नाही."

माझ्या हातातली पावती हातातच राहिली. "मग... मग पंखा कशावर आहे आता?"

"नुसत्या बोल्टवर. पण घाबरू नका, तेवढ्यासाठीच मी सुरक्षेचा दोर लावलाय. सगळं सुटलं तरी तो धरून ठेवतो. पोलादी तारेचा, दोन्ही टोकांना..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी मागच्या दाराकडे वळून बघत होते. त्याने माझ्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. चौकात उन्हात तो दोर चमकत होता, आणि त्यावर ओळीने ठकीची दुपटी वाळत होती.

यांनी काय केलं असणार ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. पलंगावर चढले असतील, पिन काढली, नट काढला, त्यांच्या आड हुकात अडकवलेला दोर काढून घेतला. मग नट नुसता बोटांनी फिरवून ठेवला, पिन तशीच खोचली. माझी कटकट बंद व्हावी म्हणून. पंखा फिरत राहिला, पिन पडली. नट सैल होत होत पडला. आणि टक, टक, टक. देवा रे! तो बोल्ट सरकत होता, आणि आम्ही त्यालाच अंगाई म्हणत होतो.

आणि पलंग बरोब्बर खाली. या वेळेला ठकी झोपते. तिच्या शेजारी हे.

सूनबाईने इस्त्रीचा प्लग ओढला आणि धावत सुटली. तिच्या तोंडाचा रंग मी कधी विसरणार नाही. मी रिमोट मुठीत घेतला आणि तिच्यामागे निघाले. पंखेवाला माझ्याबरोबर धावत होता आणि धावता धावता फोन लावत होता. "उचलत नाहीयेत, काकू!"

उचलणार कसे? ठकी झोपली की फोनचा आवाज बंद, हा नियम माझाच. दाराला आतून कडी घालायची, हाही माझाच, कारण जिन्यातलं मांजर आत येतं. घरभर मेले माझेच नियम!

रस्ता तोच होता, रोजचा. चपलांचं दुकान, औषधांचं दुकान, सायकली दुरुस्त करणारा. पण तो संपेना. माझ्या एका पायातली चप्पल निघाली ती मी तिथेच सोडली. डांबर पायाला पोळत होतं आणि मला ते कळतही नव्हतं. मनात एकच चाललं होतं. आत्ता पडला असेल. नाही, आत्ता. अजून नसेल पडला, अजून नको, मी जिना चढेपर्यंत नको. बॅटरीमुळे तो पंखा केवढा जड, बसवताना पंखेवाल्याला घाम फुटला होता असं हेच सांगायचे. आणि ठकीचं डोकं, अजून टाळूसुद्धा भरली नाही तिची. मी यांना शिव्या देत होते आणि त्याच श्वासात म्हणत होते, तुम्हाला काही होऊ नये हो, तुम्हाला पण काही होऊ नये.

चार जिने. गुडघे माझे नेहमी दुसऱ्या मजल्यावर बोलायला लागतात, त्या दिवशी बिचारे गप्प होते. वर पोचले तर सूनबाई दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. "बाबा! बाबा, दार उघडा!"

आतून काहीच नाही. नुसती पंख्याची घरघर. टक-टक नव्हतीच. ती थांबली होती, म्हणजे बोल्ट सरकायचा तेवढा सरकून झाला होता.

मी दाराला तोंड लावलं. "अहो! ऐकताय का? अहो!"

"ओरडू नका गं," आतून आवाज आला. बारीक, दात दाबून बोलल्यासारखा. "उठेल ती."

"दार उघडा आधी!"

"नाही येता येत." पलंग करकरला. "हात वर आहेत माझे. पंखा धरलाय."

सूनबाई दाराला कपाळ टेकून खाली बसली.

"ती कुठेय, बाबा?"

"इथेच. माझ्या पायांच्या मधे. झोपलीये. खाली घसरला हा, मी पाहिलं, उठून धरला. आता सोडवत नाही. रिमोट सापडत नाहीये गं, कुठे गेला कुणास ठाऊक..."

"माझ्याकडे आहे!" मी मूठ वर केली, जणू त्यांना दिसणार होती. "तुमच्या शर्टात होता. इथून बंद करते मी."

"थांबा, काकू!" पंखेवाल्याने माझं मनगट धरलं. मग दाराशी वाकून म्हणाला, "काका, मी पंखेवाला. तुम्ही खालची वाटी धरलीये ना? बरोबर, ती फिरत नाही. पाती कुठे आहेत?"

"मनगटांच्या वर. वीतभर."

"नीट ऐका. बटण दाबलं की मोटर एकदम थांबते, आणि पंखा उलटा हिसका देतो. नुसत्या बोल्टवर आहे तो, हिसक्याने सुटेलच. सगळं वजन तुमच्या हातावर येईल. पेलेल?"

मग हे म्हणाले, "आणि नाही दाबलं तर?"

पंखेवाल्याने दार आत ढकलून पाहिलं. "दार तोडतो," तो म्हणाला आणि खांद्याने एक धक्का दिला. दार जुनं, पण कडी पक्की. खोली हादरली असावी, कारण आतून ठकीचा आवाज आला. आधी कुरकुर, मग झोपमोडीचं ते चिडकं रडणं.

"उठली," हे म्हणाले. "नका, नका हलवू. माझ्या पायाला धरून उभी राहतेय ती." आणि मग एकदम हळू, ठकीशी, "बस गं बाई, बस खाली. आजोबा बघ कसे उभे आहेत."

त्या माणसाचा आवाज रडवेला झाला होता. इतकी वर्षं संसार केला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ऐकतेस का?" त्यांनी मला विचारलं. "दोर मी काढला गं."

"माहितीये. गप्प बसा आणि घट्ट धरा."

"मला वाटलं, तो नुसता जास्तीचा..."

"अहो, गप्प बसा म्हटलं ना! नंतर भांडू आपण. आयुष्यभर भांडू."

माझा अंगठा बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. मी दाबलं आणि सुटला तर? माझ्या हाताने? मी रिमोट पंखेवाल्यापुढे धरला, त्याने मागे पाऊल घेतलं. सूनबाई उठली. तिने रिमोट माझ्या मुठीतून अक्षरशः बोटं सोडवून काढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. "दाबते हं मी."

"हं. दाब, पोरी."

तिने दाबलं.

घरघर एकदम थांबली. मग धप्प असा काहीतरी आवाज, आणि फरशीवर लोखंड पडल्याचा, टण्. मग काहीच नाही. ठकीचं रडणंसुद्धा नाही. मी कान दाराला लावून उभी होते. तेवढ्यात पंखेवाल्याने सगळं अंग दारावर टाकलं आणि कडी उचकटली.

हे पलंगावर उभे होते. पंखा सगळाच्या सगळा त्यांच्या डोक्यावर टेकला होता, दोन्ही हात त्याला लावलेले, मान आत गेलेली, कपाळावरून रक्ताची एक रेघ नाकापर्यंत आलेली. एक पातं गालाला घासून गेलं होतं. आणि खाली त्यांच्या पायजम्याला दोन मुठींनी धरून ठकी उभी होती, तोंड उघडं ठेवून वर बघत होती.

सूनबाईने तिला असं ओढून घेतलं की ती पोर किंचाळलीच. पंखेवाल्याने पंखा यांच्या डोक्यावरून उचलून जमिनीवर ठेवला. पण यांचे हात खाली येईनात. वरच राहिले, बोटं वाकडी, जणू अजून काही धरलंय. "खाली घ्या," मी म्हटलं. "येत नाहीयेत," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले. मी पलंगावर चढले आणि ते हात मीच एक एक करून खाली घेतले. तोवर मी मनात काय काय जुळवलं होतं बोलायला. ते सगळं राहिलं. त्यांच्या छातीला डोकं लावून मी मोठमोठ्याने रडले, पंखेवाल्याच्या देखत.

तो नंतर गेला, दारात दहादा माफी मागून. त्याचं काय चुकलं होतं? संध्याकाळ व्हायला आली तरी छत तापलेलंच होतं. ठकीला झोप आली होती आणि झोप लागत नव्हती. ती पलंगावर पडून वर हुकाकडे बघत होती आणि रडत होती. हे पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते, कपाळाला पट्टी, हात मांडीवर मेल्यासारखे. मी शर्टांच्या घडीत घालायचा पुठ्ठा घेऊन दोघांना वारा घालत होते.

मग यांनी जीभ टाळ्याला लावली. टक. थोडं थांबून, टक.

ठकी रडायची थांबली.

"बंद करा ते!" मी ओरडले.

"राहू द्या आई," सूनबाई म्हणाली. तिचेही डोळे वरच होते. "झोपतेय ती."

टक. टक. पोरीचे डोळे मिटायला लागले. हुकाला आता काहीच नव्हतं, हे मला दिसत होतं. पंखा दाराशी जमिनीवर पालथा पडला होता. तरी प्रत्येक टकला माझी मान वर जात होती. एका हाताने मी वारा घालत राहिले आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर आडवा धरून बसले.